थंड घरातील उबेचे झाड

मार्गशीर्ष लागला की दख्खनच्या पठारावरील घरे आतून गार पडू लागतात. सकाळी फरशी पायांना बोचते, टाचांना भेगा पडतात, रात्री उशाशी ठेवलेल्या तांब्यातील पाणी दाताला झोंबते. आणि दुपारी दोरीवर टाकलेले धुणे मात्र पाहता पाहता खडखडीत वाळते. थंडी आणि कोरडेपणा आपल्याकडे जोडीनेच येतात. नाशिकला किंवा पुण्याला थंडीच्या लाटेत रात्रीचा पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो, आणि ती थंडी अडवण्याची कोणतीही सोय आपल्या घरांत बांधतानाच केलेली नसते. अशा घरात वयोवृद्ध माणसाला जपणे हेच मुळात डोळ्यांत तेल घालून करण्याचे काम. त्यात आणखी एक नाजूक, उबेला आणि दमटपणाला सोकावलेले झाड कशाला आणायचे, असे आपल्याला वाटेल. मलाही तसेच वाटले होते.

माझ्या आईची गच्ची तीन वर्षांपूर्वी सुटली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, चालणे वॉकरवर आले आणि जिना कायमचा बंद झाला. गच्चीवरच्या कुंड्या शेजारीपाजारी वाटल्या गेल्या. तिने त्याबद्दल तक्रार केली नाही. परंतु सकाळच्या चहानंतरचा जो तास ती कुंड्यांमध्ये घालवीत असे, तो रिकामा पडला. खुर्चीत बसून, टेबलाच्या उंचीवर, खोलीतल्या मंद उजेडात आणि थोड्याशा पाण्यावर वाढेल असे काय लावता येईल, हा तेव्हाचा प्रश्न होता. तुळस, गुलाब, मोगरा यांना ऊन हवे. मनीप्लँटला आई झाड मानायला तयार नव्हती. "त्याच्याकडे बघितलं काय न बघितलं काय, सारखंच," असे तिचे मत. शेवटी एका परिचितांनी ज्युवेल ऑर्किडचे एक लहानसे रोप आणून दिले.

पानांचे वैभव

ऑर्किड म्हटले की आपल्यापुढे फुले उभी राहतात. सह्याद्रीतील वृक्षांच्या फांद्यांवरून लोंबणारे सीतेच्या वेणीचे गुलाबी घोस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. ज्युवेल ऑर्किड या गटाची रीत उलटी आहे. फुले लहान आणि पांढरट. सगळे लेणे पानांवर. ही झाडे फांद्यांवर नव्हे, तर जंगलाच्या जमिनीवर, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याच्या थरात सरपटत वाढतात. दाट सावलीत जन्म गेल्यामुळे त्यांना थेट ऊन सोसत नाही, आणि घरातील उजेड त्यांना पुरतो तो त्यामुळेच.

त्यातील सर्वांत सोशिक म्हणजे लुडिसिया डिस्कलर. दक्षिण चीन, म्यानमार, व्हिएतनामपासून इंडोनेशियापर्यंत ती रानात आढळते. पान गर्द तपकिरी-जांभळे, त्यावर तांब्याच्या तारेसारख्या पाच-सात उभ्या शिरा, आणि पान उलटले तर खालची बाजू द्राक्षासवाच्या रंगाची. या वनस्पतीचे जुने शास्त्रीय नाव हेमारिया. ते ग्रीक भाषेतील रक्तवाचक शब्दावरून पडले. बोट फिरवले तर मखमलीवरून फिरवल्यासारखे वाटते. ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांच्यासाठी हा स्पर्श महत्त्वाचा आहे, आणि तो पानाला इजा न करता घेता येतो.

दुसरी मॅकोडेस पेटोला. हिच्या हिरव्या पानांवर सोनेरी जरीचे जाळे असते आणि पान उजेडात कलते केले की ते खरोखर चमकते. 'पेटोला' हे नाव आपल्या परिचयाचे वाटेल, आणि तसे ते आहेच. गुजरातेतील पटोळ्याचे रेशमी कापड व्यापारी गलबतांतून इंडोनेशियाच्या बेटांवर जात असे, तेथे ते फार मोलाचे मानले जाई, आणि त्या कापडाच्या नावावरून या पानाला नाव मिळाले. पाटणचे पटोळे विणणारे साळवी मूळचे जालन्याचे, बाराव्या शतकात राजा कुमारपालाने त्यांना तिकडे नेले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यामुळे या दूरच्या झाडाशी मराठवाड्याचा एक बारीक धागा जुळतो. आंबोन बेटावर राहून या पानाचे वर्णन करणारा सतराव्या शतकातील निसर्गअभ्यासक रुम्फियस १६७० साली अंध झाला होता. उरलेला ग्रंथ त्याने इतरांकडून लिहवून घेत पुरा केला आणि तो छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १७४१ पासून पुढे. हे मी आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. तिच्याही एका डोळ्याला आता कमी दिसते.

मॅकोडेस लुडिसियापेक्षा बरीच नाजूक आहे. आपण नव्याने सुरुवात करीत असाल तर लुडिसियाच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एक हिवाळा ती टिकली की मग मॅकोडेसचा विचार करावा.

आमचे पहिले रोप कसे गेले

पहिले रोप जानेवारीत गेले, आणि ते सर्वस्वी माझ्या चुकीने. उजेड हवा म्हणून मी ते उत्तरेच्या खिडकीच्या दगडी कट्ट्यावर ठेवले. हवा कोरडी आहे म्हणून रोज संध्याकाळी नळाच्या गार पाण्याचा फवारा मारला, वर कुंडीतही पाणी घातले. पंधरा दिवसांत खोडाचा मातीलगतचा भाग काळपट आणि लिबलिबीत झाला, आणि एका सकाळी रोप कलंडले. पाने तोवर ताजीतवानी दिसत होती; या झाडाची खोडे रसदार असल्यामुळे खाली कूज लागली तरी वरच्या पानांवर दिवसचे दिवस काही कळत नाही.

झाले होते ते असे. लुडिसियाला साधारण १८ ते २७ अंश तापमान मानवते. १५ अंशांच्या खाली तिच्या मुळांचे काम मंदावते. मॅकोडेसला तर २० अंशांच्या खाली फार काळ ठेवूच नये. खिडकीच्या काचेलगत आणि दगडी कट्ट्यावर रात्री खोलीपेक्षाही अधिक थंडी असते. मुळे पाणी घेत नाहीत, माध्यम ओले ते ओलेच राहते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. कोरड्या हवेने झाड कोमेजते, पण त्यातून ते सावरू शकते. गारठा आणि ओल एकत्र आली तर मात्र सहसा सावरत नाही.

आपल्याही खोलीत असे होत असेल, तर खिडकीपासून दोन-तीन फूट आत, आतल्या भिंतीलगतच्या टेबलावर रोप हलवा. कुंडीखाली जाड पुठ्ठा किंवा लाकडी पाट ठेवा. पाणी सकाळीच घाला, आणि ते खोलीत रात्रभर ठेवून गारठा मोडलेले किंवा कोमट असू द्या. एवढ्यानेच अर्धे काम होते.

उरलेल्या अर्ध्या कामासाठी थोडा विचार करावा लागतो, आणि तेथे झाडाचा प्रश्न आपल्या घरातील ज्येष्ठांच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

ऊब खोलीची, ओल झाडाची

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यासंबंधी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. थंडीच्या दिवसांत घरातील तापमान किमान १८ अंश असावे, आणि वृद्ध, लहान मुले व जुनाट आजार असलेल्यांसाठी ते याहून अधिक असणे इष्ट, असे त्यात म्हटले आहे. लुडिसियाची खालची मर्यादाही जवळपास तीच आहे. म्हणून शंभर-दोनशे रुपये अधिक गेले तरी चालतील, पण तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे लहान यंत्र घ्या आणि ते पलंगाजवळ ठेवा. झाडाला थंडी वाजते की नाही हे पाहण्यासाठी म्हणून मी ते आणले. आईची खोली पहाटे १५ अंशांवर जाते हे मला त्यामुळे पहिल्यांदा कळले. "मला सवय आहे," हे तिचे उत्तर. वय वाढते तशी थंडीची जाणीव बोथट होते आणि शरीराची ऊब राखण्याची शक्तीही उणावते. त्यामुळे ज्येष्ठांच्या "सवय आहे" या शब्दावर विसंबू नये.

तापमानापुरते झाड आणि माणूस एका पंगतीला बसतात. आर्द्रतेच्या बाबतीत मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माणसाला साधारण ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता सुखाची वाटते. मॅकोडेसला ७० ते ८० टक्के हवी असते. लुडिसिया ५० टक्क्यांवरही भागवते, पण आपल्या हिवाळी आणि फाल्गुनी दुपारी तेवढीही हवेत नसते. आता झाडासाठी सगळी खोलीच ओली केली तर काय होईल? भिंतींवर बुरशी धरेल, गाद्यांमध्ये धुळीतील सूक्ष्म कोळी वाढतील, आणि दमा किंवा फुप्फुसांचा जुनाट विकार असलेल्या माणसाचा श्वास त्याने बिघडेल. हवा दमट करणारे यंत्र रोजच्या रोज धुतले नाही तर त्यातील साचलेल्या पाण्यातले जंतू तुषारांबरोबर खोलीत पसरतात. ज्येष्ठांच्या खोलीत असे यंत्र लावायचे असेल तर ते त्यांच्या गरजेसाठी आणि डॉक्टरांना विचारून लावावे. ऑर्किडसाठी कधीही नव्हे.

उष्णतेची बाजूही लक्षात घ्यावी. हवा तापवली की ती आणखी कोरडी होते. १० अंशांची दवभरली हवा २० अंशांपर्यंत तापवा. तिची सापेक्ष आर्द्रता जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून हीटर लावला की झाडाची पाने कडेने वाळतात आणि आजी-आजोबांचे ओठही. परदेशात मुलांकडे हिवाळा काढणाऱ्या आपल्या वाचकांना हा अनुभव चांगलाच असेल. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत बाहेर ० अंश असताना घरातील हवा २१ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास घसरते. तेथे झाड गारठत नाही, सुकते. उपाय मात्र दोन्हीकडे एकच आहे.

तो सांगण्याआधी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. झाडासाठी नको, माणसासाठी तर नकोच. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. विजेचा हीटर पांघरुणापासून आणि पडद्यापासून दूर असावा, आणि त्याची वायर वॉकरच्या वाटेत येऊ नये.

बरणीतले रान

उपाय असा की ऊब खोलीला द्यावी, आणि ओल फक्त झाडाला. हे शोधून काढले ते एका डॉक्टरनेच. लंडनमध्ये रुग्ण पाहणाऱ्या नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांना नेचे वाढवण्याचा नाद होता, आणि कोळशाच्या धुराने ते नेचे जगत नव्हते. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोष पाहण्यासाठी ओलसर मातीसह काचेच्या बाटलीत बंद करून ठेवला. पतंगाचे जे झाले ते झाले. त्या मातीत मात्र नेच्याचे आणि गवताचे अंकुर आपोआप फुटले. माती दिवसा वाफ सोडी, ती काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. पुढे त्यांच्या काचपेट्यांतून रोपे समुद्रापार जाऊ लागली. चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी पोचली ती अशाच पेट्यांतून.

आपल्याला इतके काही नको. लोणच्याची मोठी, रुंद तोंडाची काचेची बरणी, जुनी मासे पाळण्याची काचपेटी, किंवा झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा पुरे. माझी पसंती डब्याला आहे. काच सुंदर दिसते हे खरे. पण ती जड असते, ओल्या हातातून निसटते, आणि फुटलेली काच वॉकरवर चालणाऱ्याच्या घरात नको. बरणीच घ्यायची तर तोंड इतके रुंद हवे की सांधे सुजलेला हात सहज आत जाऊन बाहेर यावा.

डब्याच्या तळाशी दोन बोटे धुतलेली खडी पसरा आणि खडी जेमतेम ओली राहील इतके पाणी घाला. कुंडी या खडीवर बसली पाहिजे, पाण्यात नव्हे. कुंडी उथळ आणि पसरट, खाली भोके असलेली. माध्यमासाठी दोन भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग परलाइट किंवा बारीक कोळसा. थंड घरात नुसते मॉस फार काळ ओले राहते, म्हणून ते मी टाळते. झाकण दिवसा बोटभर उघडे ठेवा. काचेवर सकाळी हलके दव दिसावे आणि दुपारपर्यंत विरावे. दिवसभर थेंब ओघळत राहिले तर ओल अधिक झाली. झाकण आणखी सरकवा. दवच दिसत नसेल तर खडीत वाटीभर पाणी घाला.

बंद डब्यावर थेट ऊन पडू देऊ नका. अर्ध्या तासात आत भट्टी होते आणि झाड शिजते. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी दोन-तीन फुटांवर असली तर उजेड पुरतो. अंधारी खोली असेल तर लहान एलईडी दिवा दहा-बारा तास चालू ठेवावा. पाने फिकट होऊन शिरा पुसट दिसू लागल्या तर उजेड अधिक झाला आहे, आणि खोड लांबट, विरळ पानांचे वाढू लागले तर कमी.

थंडीच्या लाटेत रात्री डब्यावर जुनी शाल टाकावी. पारा फारच उतरला तर घट्ट बुचाच्या बाटलीत चांगले कोमट पाणी भरून, तिला फडके गुंडाळून डब्यात कुंडीशेजारी ठेवावी. आमच्याकडे खोली १६ अंशांवर असताना डब्यात पहाटे १८ अंश टिकले. ही बाटली भरण्याचे काम सांभाळणाऱ्याने करावे. कढत पाणी आणि थरथरणारे हात यांची गाठ पडू देऊ नये. बी रुजवण्यासाठी मिळणारी हीट मॅटही वापरता येते, पण तापमान नियंत्रक असलेलीच, आणि ओल्या हाताने तिला स्पर्श करू नये.

दूरच्या रोपवाटिकेतून आलेले रोप काचघरातील दमट हवेत वाढलेले असते. त्याला आल्याबरोबर उघड्यावर ठेवले तर ते माना टाकते. पहिले दोन आठवडे झाकण जवळजवळ बंद, मग रोज थोडे थोडे उघडे, असे त्याला आपल्या हवेची ओळख करून द्यावी. रोप घेताना ते रोपवाटिकेत वाढवलेले आहे ना, हे अवश्य विचारा. ऑर्किडच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे, आणि परदेशातून येणाऱ्या नातलगांना बॅगेतून रोप आणायला सांगणे हा कायद्याचाही प्रश्न होतो आणि रोगांचाही.

हात जपा

आता थोडे सांभाळणाऱ्यांसाठी. वाळलेले मॉस आणि पिशवीबंद माती यांबाबत आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही. मॉसमध्ये स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असू शकते. कातडीवरच्या ओरखड्यातून ती आत शिरते आणि हातावर बऱ्या न होणाऱ्या गाठी उठतात. १९८८ साली अमेरिकेत अशा मॉसमध्ये रोपे बांधणाऱ्या अनेकांना हा संसर्ग झाला होता. कुंडीच्या मिश्रणांतील लिजिओनेला लाँगबीची या जंतूमुळे न्यूमोनिया झाल्याच्या नोंदीही ऑस्ट्रेलियातून आल्या आहेत. यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण काळजी अगदी साधी आहे. पिशवी चेहऱ्यापासून दूर, मोकळ्या हवेत उघडावी. माध्यम आधी पाणी शिंपडून ओलसर करावे म्हणजे धूळ उडत नाही. हातमोजे आणि मास्क घालावा. नंतर साबणाने हात धुवावेत. मधुमेह असलेल्यांनी, स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधे चालू असलेल्यांनी, आणि ज्यांची कातडी पातळ होऊन सहज फाटते त्यांनी मिश्रण हाताळूच नये. कुंडी भरण्याचे काम वर्षातून एकदाचे. ते दुसऱ्याने करावे. पाणी घालणे, पाने पुसणे, नवा कोंब शोधणे हे रोजचे सुख त्यांच्यासाठी ठेवावे.

लुडिसिया विषारी मानली जात नाही, पण ती खाण्याची वस्तूही नव्हे. तिच्या काही भाईबंदांचा पूर्व आशियात औषधी म्हणून मोठा व्यापार चालतो आणि त्यापायी रानातील झाडे ओरबाडली जातात. घरच्या झाडाचे पान काढ्यात टाकण्याचा मोह कोणालाही होऊ नये. घरातील कुंड्यांनी हवा शुद्ध होते, हेही फार ऐकू येते. त्याचा उगम १९८९ च्या 'नासा'च्या प्रयोगांत आहे, आणि ते प्रयोग बंदिस्त पेट्यांत केलेले होते. राहत्या खोलीत दोन-चार कुंड्यांनी हवेत जाणवेल असा फरक पडत नाही. या झाडाचा उपयोग वेगळा आहे.

पाणी कोणी घालायचे

१९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धनिवासात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका मजल्यावरील रहिवाशांना सांगण्यात आले की आपल्या दिनक्रमाचे निर्णय आपणच घ्यायचे, आणि हवे असल्यास एक रोप निवडून त्याची देखभालही आपणच करायची. दुसऱ्या मजल्यावर रोपे देण्यात आली, परंतु पाणी परिचारिका घालतील असे सांगितले गेले. तीन आठवड्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक उत्साही आणि सावध आढळली. प्रयोग लहान होता, त्यातून मोठाले सिद्धान्त काढू नयेत. पण वाचताना मला माझीच लाज वाटली. पहिले रोप मी 'आईसाठी' आणले होते, आणि त्याला हात मात्र एकट्या मीच लावीत होते.

दुसरे रोप आले तेव्हा आईने आधीच बजावले. "हे झाड माझं आहे ना? मग पाणी मी घालणार. मेलं तर माझ्या हातानं मरेल."

तेव्हापासून टेबलावर एक स्टीलची लहान वाटी ठेवली आहे. बोट माध्यमात पेरभर खुपसायचे. कोरडे लागले तर वाटीभर पाणी, ओलसर लागले तर नाही. घातले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण. थंडीत आठ-दहा दिवसांतून एकदा, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांतून एकदा असे सध्या पडते. ज्यांना विसर पडतो, आणि विसरल्यामुळे दिवसातून तीनदा पाणी घातले जाते, त्यांच्यासाठी ही वाटी आणि खूण फार मोलाची. पाणी किती वेळा घातले यावरून वाद होत नाहीत. बोअरवेलचे जड पाणी टाळावे, त्यातील क्षार पानांच्या टोकांना जाळतात. पावसाचे साठवलेले किंवा फिल्टरचे पाणी चांगले. खत थंडीत देऊच नये. चैत्रापासून महिन्यातून एकदा, पुडीवर सांगितलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्शाने.

एक पुरवणी मी माझ्या अधिकारात जोडली आहे. बोट कुंडीत घातल्यावर, पाणी लागो वा न लागो, आईने स्वतः पेलाभर कोमट पाणी प्यायचे. उतारवयात तहानेची जाणीव कमी होते आणि थंडीत तर पाणी पिणे राहूनच जाते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा घातलेली आहे, त्यांनी अर्थातच डॉक्टरांचे प्रमाण पाळावे.

कोरड्या दिवसांत पानांच्या मागे लाल कोळी किंवा पांढरे पिठ्या ढेकूण दिसू शकतात. ओल्या कापसाने पुसून काढले तर सहसा भागते. ज्येष्ठांच्या निजण्याच्या खोलीत फवारणीची औषधे आणू नयेत. खोड कुजू लागले तर कुजका भाग टाकून, निरोगी दोन-तीन पेरांचा तुकडा स्वच्छ पात्याने कापावा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी आणि ओलसर कोकोपीटवर आडवा ठेवून झाकावा. ऊब असेल तर तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. मेलेल्या पहिल्या रोपाच्या शेंड्यावर मी हे केले असते तर तेही वाचले असते, हे मला उशिरा कळले.

यंदा पौषात आईच्या रोपाला दांडा आला. फुले मुगाच्या दाण्यांएवढ्या कळ्यांतून उमलली. पांढरी, मध्ये पिवळा ठिपका, आणि जरा मुरगळल्यासारखी तिरपी. महिनाभर टिकली. तिने भिंग लावून ती रोज मोजली आणि आकडा कॅलेंडरवरच्या खुणेशेजारी लिहिला. सर्वांत मोठा आकडा एकवीस आहे.

फुले सरली की तो कोंब थांबतो आणि बुडाशी नवे फुटतात. आता चैत्रात कुंडीत पाच खोडे झाली आहेत. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला त्यातले एक हवे आहे. कापायचे मी, पेरे कोणती ते आई सांगणार, असे ठरले आहे. आणि त्या मुलीला वाटी, कॅलेंडर आणि पुठ्ठा यांविषयी आधीच दोनदा सांगून झाले आहे.